कापशीचं बक्षीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हाही हे सोडून बाकी सगळं बोललो. तुला सांगतोय, कारण तू ना मला ओळखतोस ना माझ्या बहिणीला. तुझी-तिची ओळख असती तर माझी जीभच रेटली नसती.

गोष्ट एका कुत्रीची आहे. हसू नकोस. म्हणजे — हस हवं तर, मीही सुरुवातीला हसण्यावारीच नेलं होतं. दापोड्याला गोदामांवर रखवालीची कुत्री फिरवतो मी. इथं गोदामाला गोदाम चिकटलेलं, आत खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत. एखादा माणूस दिवसा मालाबरोबर आत शिरतो आणि थप्पीमागे दडून बसतो. शटर पडायच्या आधी शिकवलेली कुत्री आत सोडायची. माणूस असला तर ती त्याच्यासमोर जाऊन बसते. भुंकत नाही, चावत नाही, नुसती बसते. हे शिकवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि त्यातलं अर्धं काम असतं बक्षिसाचं.

आधी बहिणीचं सांगतो. मी तिला बाय म्हणतो. आई गेली तेव्हा मी चालायलाही लागलो नव्हतो, बायनेच मला कडेवर घेऊन वाढवलं. तिचं लग्न झालं, आणि ती माहेरी दिघाशीला परतही आली. का आली, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मग ती निजामपुऱ्यात कापड विणायच्या एका लूमवर कांड्या भरायला जाऊ लागली. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. तिथं कापसाचे तंतू हवेत असे तरंगत असतात की उन्हाच्या तिरिपेत बघितलं तर वाटावं, आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत. म्हणून बाय डोक्याला फडकं बांधायची. जुन्या साडीचं, दिवसभर.

त्या लूमच्या मागे टाकाऊ सुताचा ढीग असतो. त्यात तिला एक पिल्लू सापडलं. पांढरंशुभ्र. सूत कुठलं आणि पिल्लू कुठलं कळेना, म्हणे. पदरात घालून घरी आणलं आणि नाव ठेवलं कापशी. बाय ड्युटीवर गेली की कापशी फाट्यावर जाऊन बसायची, आणि संध्याकाळी दोघी शेताच्या कडेनं चालत घरी यायच्या. मी ते कितीदा पाहिलंय. दोघी बोलत यायच्या — म्हणजे बाय बोलायची. आमच्याशी दिवसभरात चार शब्द बोलायची नाही, पण तिच्याशी सगळं.

आणि मी ती कुत्री मागितली.

गोदामाच्या ठेकेदाराला माणूस हवा होता, पण अट अशी की कुत्रं ज्याचं त्यानं आणायचं. मी घरी बसून होतो. बायनं भाकरी थापता थापता एकदाच माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ने. पन मदनंमदनं आनून दाखव रं बाला." मी म्हणालो, हो गं बाय, दर शुक्रवारी आणतो की. शुक्रवारी लूम बंद असतात ना.

आम्हाला शिकवायला एक मास्तर होते, पलटणीतून निवृत्त झालेले. सतत पान, आणि कुत्र्यांवर माया अफाट. ते म्हणायचे, बिस्कीट खाऊन काम करतं ते कुत्रं नव्हे, गिऱ्हाईक. प्रत्येकाचं खरं बक्षीस वेगळं असतं, ते हुडकायला पाहिजे. एक होता तो बर्फाच्या खड्यासाठी जीव टाकायचा. एकाला नारळाचं सोडणं पिंजायला लागायचं. एकीला काम झालं की टेम्पोत बसवून गोदामाला एक चक्कर मारावी लागे, खिडकीतून तोंड बाहेर काढून, अगदी नवरीसारखी. आम्ही पोट धरून हसायचो.

कापशीला काहीच नको होतं. कलेजी दिली, वास घेऊन मान फिरवली. सुके बोंबील भाजून दिले — सगळ्या लाइनीतली कुत्री वेडी झाली, ही आपली फाटकाकडे तोंड करून बसलेली. ठेकेदार म्हणाला, गावठी आहे, सोडून दे. मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

आणि एक दिवस बायनं माझी भाकरी तिच्या डोक्याच्या फडक्यात बांधून दिली. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. मी गाठ सोडली, भाकरी खाली पडली. कापशी भाकरीवरून चालत गेली. तिनं त्या फडक्यात नाक खुपसलं, आणि — कसं सांगू? तिचे डोळे मिटले. कान सैल पडले. बाहेर कंटेनर मागे घेताना ते पीं-पीं वाजत होतं, हमालांचा आरडाओरडा चालला होता, आणि ती त्या सगळ्यातून निघून गेली. उभ्या उभ्या. मीही बघत राहिलो, आणि मलाही कसलं तरी तेल, सूत, घाम असा वास आल्यासारखा वाटला, लहानपणी बायच्या खांद्यावर झोप लागायची तेव्हाचा. मास्तर पान थुंकून म्हणाले, "सापडलं. पण लक्षात ठेव, बक्षीस पोटभर द्यायचं नाही. भूक राहिली पाहिजे."

राहिली. मी राहू दिली. त्या फडक्याच्या एका हुंगण्यासाठी कापशी काय काय शिकली! थप्पीवर चढली, अंधाऱ्या कोपऱ्यात शिरली, दडलेल्या माणसासमोर दगडासारखी बसली. काम झालं की मी फडकं खिशातून काढायचो, ती नाक खुपसायची, मी मनात पाच म्हणेपर्यंत थांबायचो आणि ओढून घ्यायचो. ओढताना तिचे डोळे उघडायचे. त्या डोळ्यांत काय असायचं ते मला कळत नव्हतं असं म्हणू? कळत होतं की रे. ती प्रत्येक वेळी फाटकाकडे बघायची. वास आला म्हणजे माणूस आलाच पाहिजे ना? कुत्र्याला दुसरं काय माहीत?

आठवड्याभरात फडक्याचा वास उडायचा. मग नवं लागायचं. बायला म्हणालो, गोदामात पुसायला चिंध्या लागतात, तुझी जुनी फडकी देत जा. ती बिचारी धुऊन, घडी करून द्यायची. मी म्हणायचो, अगं धुतेस कशाला, मळायचीच आहेत ती. एकदा म्हणाली, "तुमच्या गोदामात घामाच्या चिंध्या चालतान?" आणि हसली. पण दिल्या.

आणि शुक्रवार? पहिल्या शुक्रवारी म्हणालो ड्युटी आहे. दुसऱ्या शुक्रवारी म्हणालो, शिकवणी चाललीय, मधेच घरी आणली तर बिघडेल. मग ती विचारायची, "कशी हाय रं माझी कापशी? माझी याद काडते का?" — आणि एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, न्हाय गं बाय. विसरली ती तुला. कुत्र्याची जात, जो खायला घालेल त्याची.

किती सहज बोललो मी ते. बाय कांदा चिरत होती, चिरत राहिली.

नोकरीसाठी केलं असं वाटत असेल तुला. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं, सोयीचं होतं ते. पण खरं सांगू? माझा जळफळाट व्हायचा. मी तिला न्हाऊ घालायचो, पायातले काटे काढायचो, उन्हात तिच्यासाठी ओलं पोतं अंथरायचो, आणि तिनं माझ्याकडे कधी तसं बघितलं नाही जसं त्या चिंधीकडे बघायची. आणि बाय! मलाही तिनंच वाढवलं होतं ना? माझ्याशी ती कधी तसं बोलत घरी आली होती का? कुत्रीचा हेवा वाटत होता मला. कुत्रीचाही आणि बहिणीचाही. थोराड बाप्या मी, मिशा फुटलेला.

मग एका शुक्रवारी बाय स्वतःच आली. शेअर रिक्षा बदलत बदलत, हातात डबा, डब्यात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. "लांबूनच बगते," म्हणाली. "तिला कलू देत न्हाय."

कापशी गोदामाच्या मागच्या खोलीत होती. वारा फाटकाकडून आत येत होता. बाय अजून बोलतच होती, आणि मागून आवाज सुरू झाला. भुंकणं नव्हे ते. मी कुठल्याच कुत्र्याचा तसा आवाज ऐकलेला नाही. लहान मूल झोपेत रडतं तसा बारीक, लांबलचक, आणि त्याच्यासोबत पत्र्याच्या दारावर नखं. बायचा हात डब्यावरच राहिला. "ही तिचीच हाय ना रं?"

मी म्हणालो, "न्हाय बाय. दुसरी हाय, आजारी. कापशीला कल्याणच्या साइटवर नेलंय."

ती ऐकत उभी राहिली. दार उघडायला मला किती वेळ लागला असता? चार पावलं होती. चारच. ऊन रस्त्यावर वितळत होतं, ट्रक जात होते, आणि मला वाटत होतं की हे सगळं मी दुरून बघतोय, दुसराच कुणी माणूस तिथं उभा आहे आणि आता तो दार उघडेल. त्यानं उघडलं नाही. बायनं डबा माझ्या हातात दिला. "त्या आजारी पोरीला घाल," म्हणाली. मी तिला रिक्षात बसवून दिलं. आवाज बराच वेळ चालू होता. कापशीनं त्या दिवशी भाकरीला तोंड लावलं नाही, डबा मात्र चाटून चाटून चकचकीत केला. बाहेरून, जिथं बायनं धरला होता तिथं.

त्यानंतरही मी फडकी आणत राहिलो. वर्षं गेली. ठेकेदार लोकांना सांगायचा, आमच्याकडे एक गावठी आहे, विलायती कुत्र्यांच्या नाकावर टिच्चून काम करते. मी मान डोलवायचो.

यंदा कापशी थकली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली, आता दिवस मोजायचे. ती उठत नव्हती, पण रोज सकाळी सरपटत कूस बदलायची आणि नाक फाटकाकडे करायची. फोन माझ्या हातात असायचा. बाय तासाभरात आली असती, लूम टाकून आली असती. पण मग तिनं कापशीला बघितलं असतं, कापशीनं तिला बघितलं असतं, आणि मी काय केलं ते एका क्षणात दोघींना समजलं असतं. एका मरत्या जनावराला मी भ्यालो. त्याची इच्छा माझ्या मुठीत होती, आणि मी मूठ उघडली नाही.

ती गेली. मागे भेंडीच्या डेरेदार झाडाखाली पुरलं, आणि मग बायला कळवलं. आता माती झाली होती, आता काही कळणार नव्हतं.

बाय आली. केस पांढरे, चालताना गुडघा धरून. मातीवर हात ठेवून बराच वेळ बसली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटाला कोनाची वाट बगत व्हती का रं?"

मी म्हणालो, "न्हाय. कोनाचीच न्हाय. झोपेतच गेली."

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच सैल पडला. "मला सारका घोर व्हता, ती माझी वाट बगत असंल म्हनून." मग तिनं मातीचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला. "तू केलंस रं तिचं सगलं."

मी तो हात फिरवू दिला.