सर्व्हरला लावलेलं कुंकू

परवा ऑफिसातल्या पूजेत झेंडूचा वास आला आणि तुळजापूरच्या कॉलेजातली आमची लॅब आठवली. मी तिथं कॉम्प्युटर शिकवायचो. एका वर्षी दसऱ्याची सुट्टी संपवून परतलो, तर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये परीक्षा होती. एका सर्व्हरवरून वायरीतून लिनक्स ही सिस्टीम येऊन सगळ्या मशीनवर आपोआप चढणार होतं. पण जे ते मशीन एकाच ओळीवर अडत होतं: नेटवर्क सापडलं नाही. सेटिंग बदलली, स्क्रिप्ट पुन्हा लिहिली, फरक शून्य! शेवटी चिडून सर्व्हरची वायर उपसली, तर टोक लालभडक. खाचेत कुंकू भरलेलं.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

लॅब सांभाळणारे शकीलभाई पुढं आले. "म्या केलं, सर. वायरी काढून पुसलं, मग कुंकू लावलं. खंडेनवमीला तुम्ही गावी गेलता. तुमचं मशीन बिनपूजेचं ठेवायचं व्हय?"

मला पुढं ओरडता येईना. ब्रशनं खाच साफ करताना मनात मात्र शिव्या चालूच होत्या.

आता माझा सर्व्हर इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेला; तो कुठल्या देशात आहे, मला ठाऊक नाही. नेटवर्क आजही अधूनमधून सापडत नाही. ओरडावंसं वाटतं, पण माझ्या वाट्याची पूजा करणारं तिथं कुणीच नाही.