मापाचा झंपर

पणदऱ्यात झंपर शिवायला टाकताना मापाला जुना झंपर द्यायची पद्धत होती, आणि त्या पद्धतीनंच आमच्या सारजा शिंपिणीचं डोकं फिरायचं. रोजचा विटका झंपर बाया तिच्याकडं पाठवणार कशा? लाज वाटायची. मग ट्रंकेतला ठेवणीतला निघायचा, म्हणजे लग्नातला, नाहीतर पहिल्या बाळंतपणाआधीचा. त्या मापाचा नवा झंपर अंगात शिरला नाही की नाव सारजाचं खराब. म्हणून ती प्रत्येकीला ओसरीवर मशीनपाशी उभी करून स्वतः टेप लावायची. सव्वाचौतीस भरलं तर साडेचौतीस धरायची. खाली कधी यायची नाही.

"कापड आत दुमडता येतंय, बाहेरनं वढून आणता येत न्हाय," असं ती सांगायची. तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची छाती नव्हती, तिच्या हाताखाली हुक लावायला बसणाऱ्या माझी तर मुळीच नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या लक्ष्मीबाईंच्या मोनालीचं लग्न वरकुट्याच्या घरात ठरलं. लग्नात स्वतः घालायच्या झंपराचं कापड आणि मापाचा झंपर लक्ष्मीबाईंनी मोनालीकडून पाठवला. सारजानं दोन्ही परत धाडलं. "आईला म्हणावं, तुमी सोता या."

लक्ष्मीबाई आल्या त्या पदर घट्ट लपेटून. होळीनंतर त्यांना टायफॉईड झालेला गावाला माहीत होतं. त्यानं त्यांचं काय करून ठेवलंय, हे पदराखाली होतं. सारजानं टेप लावला. जुना झंपर छत्तीसचा, आणि टेप सव्वाएकतीसवर थांबला.

"जुन्या मापाचाच शीव," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "लग्नापातूर भरंल अंग."

"लग्न चार दिसांवर आलं, आक्का. खांद्यावरनं उतरंल त्यो."

लक्ष्मीबाई मशीनशेजारी खालीच बसल्या. "पाव्हणं म्हनतील, आईला कायतरी रोग हाय. पोरीला पहिल्याच दिवशी ऐकून घ्यावं लागंल. आन् एकतीसचा शिवलास, तर मी काय आता बरी व्हत न्हाय, असंच धरल्यागत व्हईल."

यावर सारजाकडं उत्तर तयार होतं.

"कापते छत्तीसचा. शिवते साडेएकतीसचा. बाकीचं कापड दोन्ही कुशीत आन् बाह्यांत आत दुमडून ठिवते. वरनं अंगबी जरा भरल्यालं दिसंल. तुमी बऱ्या झाला की उसवायचं."

"आन् न्हाय झाले तर?"

"मी छत्तीसच धरलंय," सारजा म्हणाली आणि कात्री उचलली.

लग्नात लक्ष्मीबाई मांडवभर फिरल्या. वरकुट्याच्या विहिणीनं झंपर कुणी शिवला एवढंच विचारलं, बाकी काही नाही. मला तर इतकं बरं वाटलं की मी दोनदा जेवले.

ऊसतोडी सुरू व्हायच्या सुमाराला लक्ष्मीबाई तोच झंपर घेऊन ओसरीवर आल्या. पदर खांद्यावर सैल होता. "बाहीतनं हातच जाईना," त्या म्हणाल्या.

सारजानं ब्लेड घेतलं, पण तिला शिवण दिसेना. डोळे भरून आले होते. तिनं ब्लेड लक्ष्मीबाईंच्या हातात दिलं.

"तुमीच उसवा, आक्का."