देवराईतले खिळे

चार संस्थांनी करारावर सह्या केल्या तो रविवार होता. बैठक इंदिरानगरला आमच्या घरी झाली. मी पोहे केले. दुपारी सगळे गेल्यावर माझे यजमान खुर्चीत टेकून म्हणाले, "झालं एकदाचं."

ते हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या दोन-तीन शिक्षकमित्रांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. हिवाळ्यात शाळेतली मुलं एसटीनं पेठकडच्या एका पाड्यावर न्यायची आणि तिथली देवराई दाखवायची, एवढंच त्याचं काम. देवाच्या नावानं राखलेलं ते रान. तिथली वाळकी काटकीही कोणी उचलत नसे. शिवाय आत लोखंड न्यायचं नाही असा तिथला नियम होता. कोयता-कुऱ्हाड तर सोडाच, मुलं डबे आणि कंपासपेट्यासुद्धा कडेच्या खडकावर ठेवून आत जात. मुली केसांतल्या पिना काढत.

एकदा मी बरोबर गेले होते. एका मास्तरांनी बक्कल लोखंडाचं म्हणून पट्टा काढून ठेवला आणि एका हातानं पॅन्ट सावरत निघाले. देवराई राखणारे म्हातारे बाबा त्यांना म्हणाले, "मास्तर, देवाम्होरं दोनी हात जोडत्यात. पन तुमी नका जोडू." मुलं बराच वेळ हसत होती. आत गेली तशी आपोआप गप्प झाली.

आत यजमान एकाही झाडाचं नाव सांगत नसत. नाव कळलं की मुलं बघायची थांबतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेर आल्यावर खडकाशी बसून मुलं पाहिलेलं झाड आठवून सांगत, साल कशी होती, पान कसं होतं. मग ते नाव सांगत. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली बाई. मला हे नावाशिवायचं वाचन अवघड जाई.

पण एका शाळेची मुलं वर्षातून एकदा न्यायची, याची त्यांना चुटपुट होती. "नामपूरच्या पोरानं देवराई कधी बघायची?" असं ते विचारत, जसं काही मीच अडवून धरलं होतं. म्हणून त्यांना ही भागीदारी हवी होती. एका ट्रस्टकडे गाड्या होत्या, एका कॉलेजच्या निसर्गमंडळाकडे उत्साही पोरं होती, आणि मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडे स्लाइड, पोस्टर आणि सगळीकडे ओळखी. आमच्या मंडळाकडे त्या पाड्याचा विश्वास होता. करारात हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या बैठका मी स्वयंपाकघरातून ऐकल्या. कोणाचं बोधचिन्ह आधी, यावरच कितीतरी वेळ गेला. मग ठरलं की देवराईत निसर्गवाट करायची आणि झाडांना नावाच्या लाकडी पाट्या लावायच्या. प्रत्येक पाटीवर चारही बोधचिन्हं. यजमान पाट्यांच्या विरुद्ध होते. तिघांपुढं त्यांचं चाललं नाही. शेवटी ते म्हणाले, "लावायच्याच तर काथ्यानं बांधा. खिळा नको. आणि आधी गावाला विचारा."

"काथ्याच, सर. नक्की," ट्रस्टचे गृहस्थ म्हणाले. "वहिनी, चहा मिळेल का अजून?"

गावाला कोणी विचारलं नाही. ट्रस्टला वाटलं, कॉलेज विचारेल. कॉलेजला वाटलं, मुंबईच्या संस्थेच्या मॅडम पत्र देतील. मॅडमना वाटलं, सरांचंच तर गाव आहे ते. सर त्या आठवड्यात बोर्डाच्या परीक्षेवर होते. द्वारका चौकामागच्या पेंटरकडून पाट्या उचलून जीप उद्घाटनाच्या आदल्या दिवशी परस्पर गेली. पाड्यावरची माणसं तेव्हा द्राक्षांच्या तोडणीला निफाडकडे गेलेली होती. जीपवाल्यांना थांबवायला कोणी नव्हतं. काथ्यानं बांधलेल्या पाट्या तिरक्या लोंबत होत्या, फोटोत बऱ्या दिसत नव्हत्या. जीपमध्ये हातोडी होती.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाबा खडकाशी उभे होते. त्यांनी रामराम घेतला नाही.

"गुरुजी, तुमी पोरींच्या केसातल्या पिना काढाय लावल्या. आन् आता ह्ये?"

यजमान वाकून आत बघत राहिले. पहिल्याच झाडावर पाटी होती, चारही कोपऱ्यांना खिळा. त्यांच्या मागं ट्रस्टचे गृहस्थ कोणाला तरी हसत म्हणाले, "देवाची एनओसी राहिली वाटतं." दोघे-तिघे हसले.

"मी काढतो, बाबा," यजमान म्हणाले. "आत्ता काढतो. एकेक."

"कशानं काढशीला?"

खिळे काढायला पक्कड लागणार होती. बाबा म्हणाले, "लोखंड काढाया लोखंड आत न्यायचं? नाय. ऱ्हाऊ द्या. झाड गिळंल. पन तुमची पोरं आता नाय आनायची."

"दुसऱ्यांची नाही आणणार. फक्त माझी..."

"तुमची बी नाय."

उद्घाटन पाड्याच्या शाळेच्या ओट्यावर झालं. फीत कापताना यजमान मागं उभे होते. त्यानंतरच्या बैठकीत जबाबदारी संयुक्त असल्याचं सर्वांनी मान्य केलं. म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले. कोणी पाड्यावर गेलं नाही. यजमान मात्र तीन हिवाळे जात राहिले, एकटेच. खडकावर बसत, बाबांशी पाऊसपाण्याचं बोलत आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येत. दर वेळी विचारत. दर वेळी बाबा नाय म्हणत. चहा मात्र पाजत.

मुंबईच्या संस्थेची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर तीच देवराई होती. चार संस्थांची भागीदारी कशी आदर्श आहे ते आत लिहिलं होतं. यजमानांनी ती चाळली आणि रद्दीत नाही, कपाटात ठेवली. त्याचा मला अजून राग येतो.

चौथ्या हिवाळ्याआधी ते गेले. हृदयविकार. शोकसभा चारही संस्थांनी मिळून घेतली. मागच्या फलकावर त्यांचा फोटो मध्ये आणि चार बोधचिन्हं चार कोपऱ्यांत होती, खिळ्यांसारखी. ट्रस्टच्या गृहस्थांनी सरांच्या स्मरणार्थ आणखी एका रानात निसर्गवाट करण्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. निघताना मी त्यांना म्हटलं, "झाडांना खिळे मारू नका."

"छे छे वहिनी, आता स्टँडवर लावतो. स्टेनलेस स्टील. गंजायचा प्रश्नच नाही."

दहाव्यानंतर मी पाड्यावर गेले, बाबांना सांगायला. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी मला खडकावर बसवलं आणि म्हणाले, "बाई, जायचं आसंल तर जा आत. एकदा." मी मंगळसूत्र आधीच उतरवलेलं होतं. केसांतल्या पिना काढून खडकावर ठेवल्या आणि गेले.

पाट्या कुजून गळून पडल्या होत्या. एका झाडाची साल फुगून खिळ्याच्या डोक्यावर आली होती. बोट लावलं तर कड लागत होती.

आता बाबाही नाहीत. देवराई त्यांचा पुतण्या राखतो. खिळे सालीच्या आत गेले आहेत, बाहेरून दिसत नाहीत. शाळांना बंदी आहे.