दोष माहीत असलेलं पिस्तूल

खुर्चीवर बसण्याआधी ते तिचे चारही पाय हलवून पाहत. नवा बल्ब कानाशी धरून हलवत. छत्री घ्यायची तर दुकानातच तिची इतकी उघडमीट करत की दुकानदार पावसाला शिव्या घाली. गॅस बंद केल्यावर पुन्हा बंद करत आणि मग बायकोला विचारत, "बंद केलास ना?" मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाशी जेमतेम बोलले. त्याच्या स्कूटरचे ब्रेक मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहिले. ब्रेक उत्तम होते. लग्न झालं.

उभी हयात कुकरच्या कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्यात गेली होती. शेजारीपाजारी त्यांना तपासनीस म्हणत. बायको अहो म्हणे.

समोरच्या घरात चोरी झाली. पाण्याचा पंप आणि दोन खुर्च्या गेल्या. तपासनिसांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवाना येईपर्यंत चोर पकडला गेला, सुटला आणि पलीकडच्या नाक्यावर पंप दुरुस्तीला बसू लागला. तरीही पिस्तूल घरात आलंच.

मुलीने फोनवर आईला सांगितलं, "माझी रजा संपतेय. बाळाला दिवसभर तुझ्याकडे ठेवणार होते. पण ते घरात असेपर्यंत नाही."

"ते म्हणजे बाबा?"

"आई, थट्टा नको."

बायकोने पाळण्याची दोरी बदलून ठेवली होती. ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनिसांनी हाक मारली. "अगं, इकडे ये. लांबूनच बघ."

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. गोळ्या कपाटात कुलूपबंद होत्या. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री त्यांनी पुन्हा केली, नळी वाळूच्या बादलीकडे धरली, घोडा चढवून सेफ्टी लावली आणि चाप ओढला. काही झालं नाही. चाप सोडून त्यांनी सेफ्टी काढली.

टक्.

"ऐकलंस? चापाला बोट नाही. नुसती सेफ्टी काढली आणि घोडा पडला."

"म्हणजे गोळी असती तर?"

"सुटली असती." त्यांचा चेहरा असा खुलला होता की नात झाल्याची बातमी आली तेव्हाचीच आठवण तिला झाली.

"मग परत करून टाका."

"करायलाच हवं."

ती साडी बदलून त्यांच्याबरोबर निघाली. असं काम तिला एकट्या त्यांच्यावर सोपवायचं नव्हतं.

दुकानदाराने सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला. "साहेब, पण सेफ्टी लावून चाप ओढतं कोण?"

"घाबरलेला माणूस," तपासनीस म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "चूक आमची. नवीन देतो, नाहीतर पैसे परत."

"पैसे," बायको म्हणाली.

तपासनीस पिस्तुलाकडे बघत राहिले. "याचा दोष मला कळलाय. नव्याचा कोण सांगणार? मी हेच ठेवतो."

"मग दुरुस्तीला तरी ठेवून जा."

"आणि दुरुस्त करणाऱ्याला कोण तपासणार?"

दुकानदाराने बायकोकडे पाहिलं. "वहिनी, खराब माल हट्टाने घरी नेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय."

"मी रोज बघते," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलीने पाळणाघर ठरवल्याचं कळवलं. बायकोने निरोप सांगितला आणि पाळण्याची दोरी सोडायला घेतली. तपासनिसांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कुठलं पाळणाघर? कितव्या मजल्यावर?"

"मला काय माहीत?"

"कोणी पाहिलंय का नीट?"

सकाळी दोघं तिथे पोचले. दुसरा मजला. तपासनिसांनी जिन्याच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर मुठीने मापलं. दाराच्या फटीत बोट घालून पाहिलं. मुलं त्यांच्यामागून रांगत होती. पाळणाघराच्या बाई कौतुकाने बघत होत्या. असे आजोबा त्यांच्याकडे आजवर आले नव्हते.

खिडकीची खिट्टी सैल निघाली. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"बाळाची आजी कुठे असते?" बाईंनी सहज विचारलं.

"ही काय," बायको म्हणाली.

"अय्या. तब्येत बरी नसते का?"

"ठणठणीत आहे."

"मग लांब राहता?"

"दोन स्टॉप."

बाई जरा घोटाळल्या. "मग घरी काही अडचण आहे का?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्या प्रश्नांना माणसं उत्तरं देत आली होती. आज पहिल्यांदाच त्यांची पाळी होती. ते खिट्टीकडे बघत उभे राहिले. एक स्क्रू घट्ट बसला होता. दुसरा अर्धा आत, अर्धा बाहेर.

"ते कालचं दुकान किती वाजता उघडतं गं?" त्यांनी विचारलं.

"उघडलं असेल."

ते जिना उतरू लागले. कठड्याला हात लावला नाही. बायको चपला घालेपर्यंत ते खालच्या वळणावर पोचलेही.

"अहो आजोबा," वरून बाईंची हाक आली, "हा दुसरा स्क्रू राहिलाय."