घरामागच्या दरडीतला तिबोटी खंड्या

शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताना माझी सहशिक्षिका वैशाली सहज म्हणाली, "आमच्या शिवथरच्या काकूंच्या घरात परवा एक पाखरू शिरलं. लाल चोच, नारिंगी-जांभळं अंग. काडेपेटीएवढं, म्हणे!"

माझा घास हातातच राहिला. तिबोटी खंड्या! पाच पावसाळे मी या पक्ष्यामागे हिंडले आणि पाचही वेळा फक्त त्याची शिट्टी ऐकून परतले. वैशालीला रजा मिळेना. मी शनिवार-रविवारला सोमवार जोडला आणि एकटीच निघाले.

कोकण रेल्वेनं वीरला उतरलात की बाहेरच रिक्षा मिळतात, सीट भरल्या की सुटतात. महाडला पोहोचेपर्यंत शेजारी कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला एक गृहस्थ झोपून माझ्या खांद्यावर कलंडला होता. महाडला मिसळ खाऊन शिवथरची एसटी धरली. एक सूचना: पावसाळ्यात गाड्यांच्या वेळा स्थानकावरच विचारा आणि परतीची गाडी आधी नक्की करा.

वैशालीनं कळवल्यामुळे काकू फाट्यावर डोक्यावर पानांचं इरलं घेऊन उभ्या होत्या. "चल गो बाय, आधी पोटात काय तरी घाल." तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कुळथाचं पिठलं. जेवून आम्ही ओढ्यावर गेलो, तर समोरच्या दगडावर निळाशार पक्षी!

"छोटा खंड्या," मी पडेल आवाजात म्हणाले. पाठ निळी, चोच काळी. हा तर आमच्याकडे खाडीवरही दिसतो. मनात आलं, काकूंनी पाहिलेला हाच असणार, आणि आपण एवढ्या लांब आलो.

काकूंनी मात्र नाक मुरडलं. "नाय गो. ह्यो मोठा हाय. ह्याला मी रोज बघते. माझ्यावाला येगळा, पानी नको त्याला. घरामागं दरडीत फिरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरामागे केळीच्या आड छत्री घेऊन बसले. समोर पुरुषभर उंचीची लाल मातीची दरड, वर झाडी. दरडीत मुठीएवढं भोक. दोन तास काही नाही. पाय बधिर झाले. मग पातळ, टोकदार शिट्टी आली आणि भोकासमोरच्या वेलीवर कुणीतरी रंगाची पुडी ठेवावी तसा तो येऊन बसला. चिमणीपेक्षाही लहान. पोट हळदीसारखं पिवळं, डोक्यावर जांभळी झाक, पंख काळपट निळे, चोच लालभडक. चोचीत पालीचं पिल्लू. दुर्बिणीतून पायाची बोटं मोजली: तीन. आपल्याकडच्या इतर खंड्यांना चार असतात. तो भोकात शिरला, आतून किलबिल झाली आणि तो रिकाम्या चोचीनं बाहेर आला.

मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना मिठीच मारली. "तोच आहे! आणि आत पिल्लं आहेत!"

काकूंचा चेहरा उतरला. "अगो, गुरुवारी जेसीबी येतोय. ती दरड कापून तिथं गोठा बांधायचाय."

दारात काका उभे होते. "मशीन या खोऱ्यात रोज येत नाय," ते म्हणाले. "मागं दोनदा चुकलंय. पाखरं काय, दुसरीकडं घर करतील."

"मोठी पाखरं करतील काका," मी म्हटलं, "पण या पिल्लांना अजून उडता येत नाही, ती आतच गाडली जातील. तीन आठवडे द्या फक्त."

काका पाठ फिरवून निघाले. मला वाटलं, संपलं. पाहुणीनं आणखी किती हट्ट करायचा? पण काकूंनी त्यांच्या हातात माझी दुर्बीण कोंबली. "बघून या. मंग ठरवा."

काका केळीआड गेले, ते चहा निवला तरी येईनात. परतले तेव्हा टोपी भिजली होती. "खेकडा आणला गो त्यानं! त्याच्या तोंडापरास मोठा. दगडावर आपटून आपटून नांग्या तोडल्या नि मंग नेला आत." त्यांनी फोन काढून मशीनवाल्याला लावला. "गुरवारचं ऱ्हाऊ दे रे. गणपती झाल्यावर ये. काय? नाय, चिखल नाय. घरात बाळंतीण हाय!"

काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या.

सोमवारी परतले. तुम्ही कुणी अशा घरट्याजवळ गेलात तर लांब बसा, फ्लॅश मारू नका आणि गावाचं नाव फोटोखाली लिहू नका. मी इथे शिवथर लिहिलंय, कारण आता ते भोक रिकामं आहे. माझ्याकडे फोटो एकच, तोही हललेला. पण त्या दरडीसमोर टोपी भिजेपर्यंत उभे राहिलेले काका मला फोटोशिवाय दिसतात.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "तीन उडाली गो! एक कपड्याच्या दोरीवर बसलंय. पन ह्याची चोच लाल नाय, फिकी हाय. ही दुसरी जात का?"

"नाही काकू, लहान आहे अजून. होईल लाल."

"बरं," त्या म्हणाल्या आणि लगेच आवाज खाली आणला. "ठेवते गो. पिल्लू जवळ यायला लागलंय."