लिओर म्हणजे काय

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं माफ करावं. बाकी जे लिहिते आहे त्याची माफी मागणार नाही.

धाकट्या भावाला मुलगी झाली. दोघंही इंग्लंडात, तो मेडनहेडला, मी नॉटिंगहॅमला. फोनवर म्हणाला, "ताई, बारशाला ये. नाव ठरलंय, लिओर. तू फक्त कानात सांग."

नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी दोन नावं मनात धरून बसले होते. ती गिळली आणि विचारलं, "अर्थ काय रे?"

"हिब्रू आहे. तुला काय कळणार?"

"न कळता कसं सांगू तिच्या कानात?"

"तुझ्या तिकिटाचे पैसे मी भरले ना? मग एवढं कर की."

लग्नानंतर नवऱ्याकडे इकडे यायचं माझं तिकीट भावानं काढलं होतं. निम्मे पैसे फेडले होते, निम्मे राहिले होते. मी फोन ठेवून दिला. आयत्या वेळी मला बोलायला सुचत नाही, मग दिवसभर मनातल्या मनात भांडते.

मी वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला होते. तिथं एक ज्यू आजी राहायच्या. त्यांचे कपडे कपाटात ठेवता ठेवता धीर करून नाव सांगितलं. त्यांनी टिश्यूच्या खोक्यावर उजवीकडून डावीकडे अक्षरं काढली. 'ली' म्हणजे माझा, 'ओर' म्हणजे उजेड. मुलाचंही ठेवतात, मुलीचंही. माझं इंग्रजी अर्धंमुर्धं, म्हणून त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

पाच मिनिटं लागली. भावाला तेवढीही माझ्यासाठी काढता आली नव्हती.

बारशाला हॉलमध्ये पोचले तर केकवर नाव आधीच लिहिलेलं. मी उच्चारायच्या आधी! पाळण्याशी भाऊ म्हणाला, "चल ताई, पटकन. लोकांना भुका लागल्यात."

मी वाकलेच नाही. म्हटलं, "आधी अर्थ सांग." एवढ्या माणसांत माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तो बायकोकडे बघायला लागला. भावजय इथंच जन्मलेली, मनानं सरळ. "ताई, खरं सांगू? वेबसाइटवर मिळाला. मला ते साउंड आवडला. मीनिंग आम्ही नाही बघितला."

म्हणजे त्यालाही माहीत नव्हता! आणि मला म्हणे काय कळणार. अंगाचा तिळपापड झाला.

मी वाकून मुलीच्या कानात आधी अर्थ सांगितला, मग नाव. नंतर दोन्ही सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. भाऊ खाली मान घालून केक कापत होता.

निघताना त्यानं आत्याच्या मानाची साडी पुढे केली. "राहू दे," मी म्हणाले. "तिकीट फिटलं की घेईन."

पाच महिने रविवारची जादा पाळी केली. मग मेडनहेडला जाऊन त्याच्या हातावर नोटा ठेवल्या.

"अगं ताई, कशाला..."

"मोज."

त्यानं मोजल्या. पुऱ्या भरल्या. मग मी साडी मागून घेतली.