बारीक होत गेलेली अक्षरं

भिंगरी हे नाव तिला मामानंच ठेवलेलं. एका जागी दहा मिनिटं बसली तर शपथ! एमएस्सीला येईपर्यंत तिनं दोनदा विषय बदलला होता, आणि आता मातीतल्या बुरशीवर प्रबंध लिहितानाही जीव रमत नव्हता.

मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सुट्टीत ती त्याच्याकडे गेली, तेव्हा एका चष्मेवाल्याची पाटी रंगवून वाळत ठेवली होती. पहिलं अक्षर वीतभर, शेवटचं जेमतेम बोटभर.

"मामा, अक्षरं आटली की काय?"

"जागा पुरवून लिहिलंय गं."

पण पाटीची उजवी बाजू हातभर रिकामीच होती.

ती त्याला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. कंपवात निघाला. हात अजून थरथरत नव्हता. काहींचं आधी अक्षरच बारीक होतं म्हणे. हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात.

"का मरतात?" तिनं विचारलं.

"ते कळलं असतं तर नुसत्या गोळ्या लिहून दिल्या असत्या का?" डॉक्टर म्हणाले.

त्या 'का'नं तिचा पिच्छाच पुरवला. बुरशीचा प्रबंध तिनं कसाबसा हातावेगळा केला आणि मेंदूच्या पेशींवर काम करणाऱ्या बाईंच्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी अर्ज केला. जुने सर वैतागले. "घरात कोणी आजारी पडलं म्हणून विषय बदलायचा? उद्या आणखी कोणी पडलं तर?" अर्ज मात्र तिनं मागे घेतला नाही.

नव्या जागी सात महिने तिनं काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी जगेचनात. कधी उपाशी मेल्या, कधी चक्क बुरशी लागून. "जुनं सासर पाठ सोडत नाही," बाई म्हणाल्या. सगळे हसले, ती बशा धुवायला निघून गेली.

आठव्या महिन्यात एक बशी तीन आठवडे तगली. तिनं जिन्यातूनच मामाला फोन लावला.

"माझ्या कामाला येईल का गं हे?" त्यानं सहज विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. "नाही रे मामा. तुझ्यापर्यंत नाही पोचायचं."

तो म्हणाला, "मग घाई कसली? नीट कर."

फोन ठेवून ती तिथंच घुटमळली. दोन पायऱ्या खाली उतरली, पुन्हा चढली. बशीतल्या पेशींच्या मोजणीची वेळ टळत आली होती. डोळे बाहीला पुसत ती वर पळाली.